‘नो काँटेस्ट’ म्हणजे बिनविरोध सुटका नव्हे

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून थोडक्यात देते. शब्द त्यांचेच.

“ताई, माझी मुलगी २४ वर्षांची. कॅलिफोर्नियात सॅन होजेला एमएस करते, शेवटचं सत्र चालू आहे. दीड महिन्यापूर्वी एका मोठ्या दुकानात सेल्फ चेकआउटवर तिने सामान स्कॅन केलं, पण काही वस्तू स्कॅन न होताच पिशवीत गेल्या. ८६ डॉलरच्या. दारातच अडवलं, पोलीस आले, कागदावर सही घेऊन सोडलं. आता कोर्टाची तारीख तीन आठवड्यांवर आली आहे. सरकारी खर्चाने मिळालेला वकील म्हणतो, ‘नो काँटेस्ट’ म्हण, थोडा दंड, एक ऑनलाइन वर्ग, विषय संपला. दुकानाच्या वकिलांचंही पत्र आलं होतं, त्यात मागितलेले ३०० डॉलर तिने भरून टाकले. हे म्हणतात, नो काँटेस्ट म्हणजे बिनविरोध, कोणीच भांडत नाही, सुटलो. आमच्या ओळखीचे वकील म्हणाले, आपल्याकडे तडजोड होते तसंच. पण माझ्या जिवाला घोर लागला आहे. हे म्हणजे चोरी केली असं मान्य करणं का? तिच्या व्हिसाचं काय? डिसेंबरात भावाचं लग्न आहे, तिकीट काढू का? आणि तिच्याशी बोलू तरी काय? फोनवर नुसती रडते.”

ताई, पत्र परवा आलं आणि रांग मोडून आधी तुम्हालाच उत्तर लिहायला घेतलं, कारण तुमच्या हातात तीन आठवडे आहेत. तुमच्या जिवाला लागलेला घोर खरा आहे. घरातल्या तिघांपैकी तुम्हीच बरोबर जागी अडखळलात.

आधी त्या ‘बिनविरोध’ शब्दाचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे सोसायटीची, ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध होते. समोर कोणी उभंच राहत नाही आणि आपला माणूस निवडून येतो. तुमच्या मिस्टरांच्या डोक्यात तेच चित्र आहे. कोर्टात मात्र विरोध सोडायचा असतो तो आरोपीने. सरकार आपल्या जागी ठाम उभं असतं, आरोप तसाच असतो, आणि आरोपी म्हणतो, ‘मी या आरोपाविरुद्ध लढत नाही.’ लॅटिनमध्ये त्याला ‘नोलो कंतेंदेरे’ म्हणतात, म्हणजे ‘लढण्याची माझी इच्छा नाही’. सामना सोडून दिला की गुण समोरच्याला जातात. इथे ते सरकारी पक्षाला जातात, आणि न्यायाधीश आरोपीला दोषी ठरवतात.

हे माझं मत नाही. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेच्या कलम १०१६ मध्ये तसं स्वच्छ लिहिलं आहे. नो काँटेस्ट ही गुन्हा कबूल केल्यासारखीच धरली जाईल आणि ती दिल्यावर कोर्ट आरोपीला दोषी ठरवील, हे आरोपीला पूर्ण समजलं आहे ना, याची खात्री न्यायाधीशांनी करून घ्यायची आहे. ‘दोषी ठरवू शकेल’ असं तिथे नाही, ‘दोषी ठरवील’ असं आहे.

तिथे हे कसं घडतं ते सांगते, म्हणजे मुलीला आधीच डोळ्यांसमोर आणता येईल. सुनावणीआधी वकील एक छापील फॉर्म पुढे ठेवतो. त्यात ओळीओळीने तिचे हक्क लिहिलेले असतात: ज्यूरीसमोर खटला चालवण्याचा हक्क, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्क, गप्प राहण्याचा हक्क. प्रत्येक ओळीसमोर एक छोटा चौकोन असतो आणि त्या प्रत्येक चौकोनात आपल्या नावाची आद्याक्षरं लिहायची असतात. त्या दिवशी त्याच दालनात वीस-पंचवीस माणसं आपापल्या नंबराची वाट बघत असतात, मागच्या बाकावर कोणाचं तरी मूल किरकिरत असतं, आणि वकिलाच्या हातात आणखी आठ फायली असतात. घाईघाईत भरलेला प्रत्येक चौकोन म्हणजे सोडून दिलेला एकेक हक्क असतो. मग न्यायाधीश विचारतात, ‘तुमचं म्हणणं काय?’ ती म्हणते, ‘नो काँटेस्ट.’ पुढचं वाक्य न्यायाधीशांचं, की कोर्ट तुम्हाला दोषी ठरवत आहे. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. तुमच्या मुलीचं हमखास ‘मी कुठे कबूल केलं?’ असं होईल, आणि अक्षरशः पाहिलं तर ‘मी चोरी केली’ हे शब्द तिच्या तोंडून निघालेले नसतील. पण नोंदवहीत दोषसिद्धी पडलेली असेल.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: तोंडाने कबुली नाही, परिणामात कबुलीच.

आता ओळखीच्या वकिलांनी सांगितलेली तडजोड. त्यांचा हेतू चांगला असणार, पण तुलना चुकली. आपल्याकडे चोरीसारखे काही गुन्हे ज्याची वस्तू गेली त्याच्याशी मिटवता येतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० खाली, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ खाली. अशा तडजोडीचा परिणाम आरोपी निर्दोष सुटल्यासारखा असतो. नो काँटेस्टचा परिणाम याच्या बरोबर उलट. एकात पाटी कोरी होते, दुसऱ्यात पाटीवर लिहिलं जातं. आपल्या कायद्यात नो काँटेस्टला जुळं भावंडच नाही. आपलं कोर्ट आरोपीला विचारतं, गुन्हा कबूल आहे की नाही, आणि उत्तर दोनांपैकी एकच असतं. २००६ पासून आपल्याकडे ‘प्ली बार्गेनिंग’ आलं, म्हणजे सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या काही गुन्ह्यांत शिक्षेबद्दल बोलणी करता येतात, पण तिथेही शेवटी दोषसिद्धीच होते. ‘कबूलही नाही आणि लढतही नाही’ अशी तिसरी खिडकी आपल्याकडे नाही. म्हणूनच इथला अनुभवी वकीलसुद्धा तिथली खिडकी पाहून फसतो.

मग तुम्ही विचाराल, दोन्हीचा शेवट एकच, तर अमेरिकेत ही खिडकी ठेवली कशाला? हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या मुलीचा निर्णय यावरच ठरणार आहे.

समजा कोणी गाडी बेदरकार चालवून एका सायकलवाल्याला धडक दिली. एक फौजदारी खटला होईल, सरकार विरुद्ध चालक. आणि एक दिवाणी दावा होईल, जखमी माणूस विरुद्ध चालक, लाखो डॉलरच्या भरपाईसाठी. चालकाने फौजदारी कोर्टात सरळ ‘गुन्हा कबूल’ म्हटलं, तर जखमीचा वकील तीच कबुली उचलून दिवाणी कोर्टात ठेवील: बघा, यानेच मान्य केलं आहे. आपल्याकडे मोटार अपघात दावे न्यायाधिकरणात हे नेहमी होतं. फौजदारी कोर्टात दंड भरून मोकळा झालेल्या चालकाच्या कबुलीची नक्कल भरपाईच्या दाव्यात हजर केली जाते. नो काँटेस्टने तेवढं एक दार बंद होतं. शिक्षा होते, पण दिवाणी दाव्यात ‘तू मान्य केलंस’ असं म्हणता येत नाही, समोरच्याला सगळं पुराव्याने सिद्ध करावं लागतं. अमेरिकेच्या केंद्रीय (फेडरल) कोर्टांच्या पुरावा नियम ४१० मध्येही हेच आहे. कॅलिफोर्नियात हे संरक्षण किरकोळ गुन्ह्यांपुरतं आहे. गंभीर गुन्ह्यातली नो काँटेस्ट तिथे दिवाणी दाव्यातही कबुली म्हणून वापरता येते.

म्हणजे नो काँटेस्ट ही ढाल आहे, पण ती एकाच बाजूने येणारा वार झेलते, दिवाणी दाव्याचा. या ढालीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षाचं आहे. स्पायरो ॲग्न्यू. लाच घेतल्याच्या चौकशीत ते अडकले, आणि १० ऑक्टोबर १९७३ रोजी त्यांनी पदाचा राजीनामा दिला. त्याच दिवशी बाल्टिमोरच्या कोर्टात उभं राहून आयकर चुकवल्याच्या एका आरोपाला त्यांनी ‘नोलो कंतेंदेरे’ म्हटलं. न्यायाधीश वॉल्टर हॉफमन यांनी तिथल्या तिथे बजावलं की ही कबुलीच्या पूर्ण बरोबरीची आहे. १०,००० डॉलर दंड आणि तीन वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर राहणं, अशी शिक्षा झाली. पुढच्या वर्षी त्यांची वकिलीची सनद गेली. आणि १९८१ साली मेरीलँडच्या करदात्यांनी लढवलेल्या दिवाणी दाव्यात लाचेची रक्कम व्याजासह राज्याला परत करण्याचा हुकूम झाला, सुमारे अडीच लाख डॉलर. तुरुंग टळला, बाकी बहुतेक सगळं गेलं. तेही देशातले उत्तम वकील हाताशी असताना.

आता ही ढाल तुमच्या मुलीपुढे धरून बघा. तिच्यावर दिवाणी दावा करणार कोण? ते दुकान. किती रकमेचा? कॅलिफोर्नियात दुकानातल्या चोरीसाठी दुकानदाराला ५० ते ५०० डॉलरपर्यंत नुकसानभरपाई आणि खर्च मागता येतो, वस्तू विकण्याजोगी राहिली नसेल तर तिची किंमतही. तुम्हाला आलेलं वकिलाचं पत्र तेच होतं, आणि ते पैसे तुम्ही भरून बसला आहात. म्हणजे ज्या वारासाठी ही ढाल बनवली, तो वार ३०० डॉलरचा होता आणि येऊन गेला. (ते पैसे भरल्याने फौजदारी केस मिटत नाही, हेही लक्षात असू द्या. ती दोन वेगळी खाती आहेत. पावती मात्र जपून ठेवा.)

तुमच्या मुलीला भीती आहे ती दुसऱ्या बाजूने, इमिग्रेशनकडून. त्या बाजूला ही ढाल कागदाची आहे. १९९६ पासून अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात दोषसिद्धीची स्वतःची व्याख्या आहे, आणि तिच्यात गुन्ह्याची कबुली आणि नोलो कंतेंदेरे हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आहेत. यांपैकी काहीही म्हटलं आणि सोबत दंड, प्रोबेशन असं कसलंही बंधन आलं, की त्यांच्या लेखी दोषसिद्धी झाली. राज्याचं कोर्ट नंतर त्याला काय म्हणतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. फ्लोरिडात किंवा टेक्सासमध्ये मुलं असलेल्या वाचकांनी हे दोनदा वाचावं. तिथे नो काँटेस्ट घेऊन ‘दोषी ठरवणं राखून ठेवलं’ असा आदेश मिळतो, राज्याच्या कागदावर दोषसिद्धी दिसत नाही, घरात पेढे वाटले जातात, आणि इमिग्रेशनच्या खिडकीत ती दोषसिद्धीच निघते. कॅलिफोर्नियात प्रोबेशन पुरं झाल्यावर केस ‘एक्स्पंज’ करता येते, म्हणजे राज्याच्या कोर्टाकडून दोषसिद्धी मागे घेऊन केस काढून टाकून घेता येते. नोकरीच्या काही कामांना त्याचा उपयोग होतो. इमिग्रेशनसाठी सर्वसाधारणपणे होत नाही.

चोरी हा प्रकार तर आणखी नाजूक. रक्कम ८६ असो की ८००, चोरी हा ‘नैतिक अधःपतनाचा’ गुन्हा धरला जातो. हा शब्द आपल्याकडच्या सरकारी नोकरीच्या अर्जांतही असतो, तुम्ही वाचला असेल.

इथे थोडा श्वास घ्या, कारण मला तुम्हाला घाबरवून सोडायचं नाही. कॅलिफोर्नियात ९५० डॉलरपर्यंतची साधी चोरी हा किरकोळ गुन्हा आहे आणि त्याला जास्तीत जास्त सहा महिने शिक्षा सांगितली आहे. आयुष्यात असा एकच गुन्हा असेल, त्याला सांगितलेली कमाल शिक्षा वर्षापलीकडची नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या वर गेली नसेल, तर अशा गुन्ह्यासाठी प्रवेश नाकारण्याच्या नियमातून इमिग्रेशन कायद्यात सवलत आहे. देशातून काढून टाकण्याचं कलमही अशा एकट्या प्रकरणात लागत नाही, कारण त्यासाठी गुन्ह्याला किमान एक वर्षाची शिक्षा सांगितलेली असावी लागते. म्हणजे अगदी वाईटात वाईट झालं तरी उद्या सकाळी तिला विमानात बसवतील असं नाही. पण ती सवलत एकदाच मिळते. ती आताच खर्ची पडली, तर पुढची दहा वर्षं एच-१बी, ग्रीन कार्ड, प्रत्येक टप्प्यावर ती रिकाम्या हाताने उभी असेल. शिवाय कायद्यात बसणं वेगळं आणि व्हिसा अधिकाऱ्याच्या मनात बसणं वेगळं. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या, विद्यार्थी म्हणून तिथे राहण्यासाठी लागणाऱ्या सरकारी नोंदी एकाएकी बंद केल्या होत्या. त्यांत कित्येकांच्या नावावर फक्त किरकोळ पोलिसी नोंद होती, काहींची तर केसही काढून टाकलेली होती. मुलं कोर्टात गेली आणि एप्रिलअखेर नोंदी पुन्हा सुरू कराव्या लागल्या. पण त्या महिन्याभरात त्या घरांनी काय भोगलं, ते मी ऐकलं आहे. अशा दिवसांत आपल्या हाताने दोषसिद्धी लावून घेऊ नये.

म्हणून ‘कबूल म्हणू की नो काँटेस्ट म्हणू’ हा प्रश्न तुमच्यासाठी जवळजवळ निरर्थक आहे. विचारायचा प्रश्न हा, की दोन्हीपैकी काहीच न म्हणता ही केस संपवता येते का?

येऊ शकते. १ जानेवारी २०२१ पासून कॅलिफोर्नियात कलम १००१.९५ आलं आहे. ‘ज्युडिशियल डायव्हर्जन’ म्हणतात त्याला. किरकोळ गुन्ह्यात न्यायाधीश केस बाजूला ठेवू शकतात, २४ महिन्यांपर्यंत. त्या काळात सांगितलेल्या अटी पाळायच्या, वर्ग असेल, समाजसेवा असेल, नुकसानभरपाई असेल. अटी पुऱ्या झाल्या की केस काढून टाकतात. सरकारी वकिलाने विरोध केला तरी न्यायाधीश हे देऊ शकतात. आणि आपल्यासाठी सोन्यासारखी गोष्ट ही की यात आरोपीकडून काहीही कबूल करून घ्यावं लागत नाही. ना गुन्हा, ना नो काँटेस्ट. कबुलीच नाही म्हणून इमिग्रेशनची ती व्याख्याही लागू होत नाही. घरगुती हिंसाचार, पाठलाग अशा काही गुन्ह्यांना हे मिळत नाही, पण दुकानातल्या किरकोळ चोरीला बंदी नाही. द्यायचं की नाही हे न्यायाधीशांच्या अखत्यारीत आहे, म्हणून मी शंभर टक्के हमी देत नाही. पण पहिलाच प्रसंग, शिकणारी मुलगी, भरपाई आधीच भरलेली, अशा केसमध्ये हे मागितल्याशिवाय नो काँटेस्ट म्हणणं मला बिलकूल पटत नाही.

एक जागा मात्र निसरडी आहे. डायव्हर्जनमध्ये कधी ‘माफीचं पत्र लिहा’ अशी अट येते. वरवर निरुपद्रवी वाटते, आपल्याकडे शाळेतही लिहून घेतात. पण ‘मी चोरी केली, मला पश्चात्ताप आहे’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर तो कागद पुढे इमिग्रेशनमध्ये कबुली म्हणून समोर येऊ शकतो. असं काहीही लिहिण्याआधी मसुदा वकिलाला दाखवायचाच.

आता तिच्या वकिलाबद्दल. त्याला खलनायक ठरवू नका. पब्लिक डिफेंडरकडे, म्हणजे अशा सरकारी खर्चाच्या बचाव वकिलाकडे, केसचा डोंगर असतो, आणि एखाद्या अमेरिकन नागरिकासाठी त्याने सुचवलेला रस्ता कदाचित ठीकही असेल. प्रश्न एवढाच, की आपली अशील नागरिक नाही, हे त्याच्या पुरतं लक्षात आलं आहे का? २०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात सांगितलं, की कबुली दिल्याने देश सोडावा लागण्याचा धोका असेल तर तो अशिलाला सांगणं हे फौजदारी वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. होजे पडिया हा होंडुरासचा, चाळीस वर्षं अमेरिकेत कायदेशीर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात त्यांच्या सैन्यात लढलेला. त्याच्या वकिलाने सांगितलं होतं, तू इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस. कॅलिफोर्नियाने तर २०१६ पासून बचावाच्या वकिलावर इमिग्रेशनच्या परिणामांचा अचूक सल्ला देण्याचं बंधन कायद्यातच घातलं आहे, आणि सरकारी वकिलानेही बोलणी करताना ते परिणाम लक्षात घ्यायचे आहेत. बऱ्याच पब्लिक डिफेंडर कचेऱ्यांत यासाठी इमिग्रेशन जाणणारा स्वतंत्र वकील असतो. तो आपणहून येत नाही, त्याला बोलावून घ्यावं लागतं.

म्हणून मुलीला म्हणावं, आजच वकिलाला ईमेल कर. फोन नको, लेखी. चार-पाच वाक्यं पुरेत: मी अमेरिकेची नागरिक नाही, एफ-१ व्हिसावर आहे. नो काँटेस्ट दिल्यास माझ्या व्हिसावर, पुढच्या एच-१बीवर आणि ग्रीन कार्डावर काय परिणाम होईल, ते मला लेखी हवं आहे. कलम १००१.९५ खाली डायव्हर्जनसाठी अर्ज करावा अशी माझी विनंती आहे. तुमच्या कचेरीतल्या इमिग्रेशनच्या वकिलाशी माझी भेट घडवावी. त्याआधी मी कोणत्याही फॉर्मवर सही करणार नाही.

तीन आठवड्यांत हे जमलं नाही, तर तारीख वाढवून मागता येते. कबुली घेण्यापूर्वी कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांना प्रत्येक आरोपीला बजावावंच लागतं, की तुम्ही नागरिक नसाल तर या दोषसिद्धीमुळे तुम्हाला देशाबाहेर काढणं, पुन्हा प्रवेश नाकारणं किंवा नागरिकत्व नाकारणं असे परिणाम होऊ शकतात. कलम १०१६.५. आणि हे ऐकून विचार करायला वेळ मागितला, तर तो देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. आपली मुलं इथे भिडस्तपणा करतात. न्यायाधीशांचा वेळ जातोय, मागे रांग आहे, वकील घड्याळ बघतोय, आणि ‘यस, युअर ऑनर’ म्हणून टाकतात. तिला आधीच पढवून ठेवा: तिथे ‘मला वेळ हवा आहे’ म्हणणं हा उद्धटपणा नाही. एकदा दिलेली कबुली मागे घेता येते, नंतर रद्द करून घेण्याचेही मार्ग आहेत, पण ते काम वर्षावर जाणारं, खर्चाचं आणि बेभरवशाचं. सही करायला मात्र दोन मिनिटं लागतात.

पैशांची थोडी सोय होत असेल, तर एकदाच एका स्वतंत्र इमिग्रेशन वकिलाचा सल्ला विकत घ्या. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं कार्यालय मदतीचं असतं, पण ते विद्यापीठाचं आहे. तिथे केसचा तपशील सांगण्याआधी वकिलाला विचारावं.

तिकिटाबद्दल स्पष्ट सांगते: आत्ता काढू नका. केस चालू असताना देश सोडला तर परत शिरताना विमानतळावर प्रश्न येतात, आणि पोलिसी नोंद झाल्यावर व्हिसाचा शिक्का परस्पर रद्द झाल्याचीही उदाहरणं आहेत. मुंबईत नव्याने शिक्का घ्यायची वेळ आली, तर डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात प्रश्न असतो, कधी अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का, अगदी माफी मिळाली असली तरी. तिथे खोटं लिहिणं हे मूळ केसपेक्षा मोठं संकट. डायव्हर्जन पुरं होऊन केस काढून टाकली गेली तरी उत्तर काय आणि कसं लिहायचं, हे वकील ठरवील. कोर्टाच्या कागदांच्या शिक्क्यानिशी नकला आत्तापासून जमवायला लावा. भावाच्या लग्नाला बहीण नसणं किती लागेल, याची मला कल्पना आहे. करवलीशिवाय हळद लागली तर आजी काय म्हणेल, तेही तुमच्या डोक्यात आलं असेल. वकिलाने लेखी ‘हरकत नाही’ म्हटलं तर जरूर बोलवा. नाहीतर लॅपटॉप बोहल्याशेजारी ठेवा.

तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, ‘तिचा भारतीय पासपोर्ट जाईल का?’ आपल्या पासपोर्ट कायद्यातलं नैतिक अधःपतनाचं कलम भारतातल्या कोर्टाने दोषी ठरवून किमान दोन वर्षांची शिक्षा दिलेल्यांबद्दल आहे. ही काळजी मनातून काढा.

शेवटी तिच्याशी बोलायचं काय. ताई, हा भाग कायद्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि इथे कायदाही आडवा येतो. फोनवर, व्हॉट्सॲपवर तिला ‘खरं सांग, तू घेतलंस का?’ असं विचारू नका. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं कायद्याने झाकलेलं असतं. आई आणि लेकीचं नसतं. तुमच्या फॅमिली ग्रुपवरचं एक ‘सॉरी आई, चूक झाली माझी’ उद्या कोणाच्या हाती लागेल आणि कोण त्याचा काय अर्थ लावील, सांगता येत नाही. काकांना, मावशीला, तिच्या रूममेटला, कोणालाच घटनेचा तपशील लिहून पाठवू नका.

आणि खरं सांगू का, तो प्रश्न तुम्हाला विचारायचीही गरज नाही. चोरी सिद्ध व्हायला नुसती वस्तू पिशवीत असून भागत नाही, न भरता न्यायचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. तो होता की थकव्यात, घाईत हात चुकला, हे दुकानाचं चित्रीकरण आणि तिचा वकील बघतील. ती म्हणत असेल की माझा हेतू नव्हता, तर केवळ लवकर सुटका म्हणून नो काँटेस्ट म्हणायला लावणं हा तिच्यावर अन्याय होईल. आणि चुकली असेल, तरी २४ व्या वर्षीची ८६ डॉलरची चूक तिच्या पुढच्या चाळीस वर्षांवर लिहून ठेवण्याएवढी मोठी नाही. दोन्ही परिस्थितींत तुमचं काम एकच: ती एकटी नाही, हे तिला कळणं. मिस्टरांनी तिच्याशी बोलणं टाकलं आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. त्यांना हे उत्तर वाचायला द्या, आणि आजच्या फोनवर त्यांना आधी बोलू द्या. बापाचा आवाज दीड महिन्यात ऐकला नाही, हे त्या रडण्यामागे असू शकतं.

तिच्या रात्री फोन करू नका. तिची सकाळ होऊ द्या, म्हणजे फोन ठेवल्या ठेवल्या ती वकिलाला ईमेल करील. मी इथली वकील आहे, कॅलिफोर्नियातली नाही, तेव्हा अंतिम शब्द तिथल्या वकिलाचा. पण त्याचं उत्तर आलं की मला कळवा. डायव्हर्जन नाकारलं तर काय कारण दिलं, तेही लिहा. पाकिटावर ‘तातडीचं’ असं लिहिलंत तर त्या दिवशी आधी तेच उघडेन.